कढईभर दोडका

झाकण काढलं तेव्हा कढईत भाजी जवळजवळ नव्हतीच. दहा-बारा मिनिटांपूर्वी दोडक्याच्या फोडी कढईच्या काठापर्यंत आल्या होत्या, वरच्या दोन-चार ओट्यावर पडल्याही होत्या आणि मी त्या उचलून, फुंकून परत आत टाकल्या होत्या. आता तळाशी, स्वतःच्याच पाण्यात, ओंजळभर काहीतरी मऊ हिरवं रटरटत होतं. मी आधी शेगडीखाली वाकून पाहिलं. बासष्ट वर्षांचा, मोजणी खात्यातून हारतुरे घेऊन निवृत्त झालेला माणूस दोडका कुठं सांडलाय ते शोधत होता. मग डोक्यात उजेड पडला. दोडका आटतो, त्यात असतं ते सगळं पाणीच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा उजेड पडला, तो मात्र बरा नव्हता. मीठ मी भरलेली कढई बघून घातलं होतं. एक फोड चमच्यावर घेतली, फुंकली, जिभेवर ठेवली. खारट. जरा जास्त, चालून जाईल, असलं काही नाही. सरळ तोंड वाकडं व्हावं असं खारट. आणि ती फोड तोंडात असतानाच वनमालाचं एक वाक्य मला ऐकू आलं. वनमाला, माझी बायको, शेजारच्या खोलीत प्लास्टरचा हात गळ्यात बांधून बसली होती आणि आत्ता काही बोलली नव्हती. वाक्य तेहतीस वर्षांपूर्वीचं होतं, आष्टीच्या घरातलं. ‘कढई भरलेली दिसलती...’ एवढंच. पुढचं मी तिला बोलू दिलं नव्हतं.

गॅस बंद केला आणि तिथंच पाट घेऊन बसलो. केजमध्ये मे महिन्यात दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात बसणं म्हणजे काय, हे मला गेल्या नऊ दिवसांत कळलं. त्याआधीची पस्तीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून ‘झालं का?’ असं विचारत आलो. नऊ दिवसांपूर्वी वनमाला गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली आणि उतरताना शेवटच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. पुण्याहून सत्यमचा फोन आला, सून आरोही ‘मी येते’ म्हणाली, पण तिची नोकरी नवी. वनमालानं तिला, डावा हात हाय की मला, म्हणून परस्पर थांबवलं. मग स्टँडजवळच्या खानावळीचा डबा सुरू झाला आणि भाकरी तेवढी मागच्या गल्लीतल्या भिमाबाई रोज करून आणून देऊ लागल्या. डब्यातली भाजी म्हणजे वर बोटभर तेल आणि खाली बटाटा. मी खात होतो. वनमाला चतकोर भाकरी मोडायची, ताटाच्या कडेला ठेवायची आणि भूक नाही म्हणायची. सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या हात वर केला की कोपराजवळ जातायत. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी घाबरलो होतो, हे सांगायला आता लाज कसली.

आणि काल दुपारी, पलंगावर पडल्या पडल्या, पंख्याकडं बघत ती म्हणाली, “दोडका खावा वाटायलाय.” मी पेपर खाली ठेवला. पस्तीस वर्षांत वनमालानं माझ्यासमोर मला अमुक खावंसं वाटतंय असं म्हटल्याचं मला आठवत नाही. सत्यमच्या वेळी तिला डोहाळे कसले लागले होते ते मला शेजारणीकडून समजलं होतं. घरात काय करायचं हा प्रश्न ती मला विचारायची, मी सांगायचो, ती करायची आणि आम्ही दोघं खायचो. हे किती सुरळीत चाललंय असं मला वाटत आलं. मी म्हणालो, उद्या करतो. तिनं मान वळवली, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, तुमी? मी हो म्हणालो. मग तिनं परत पंख्याकडं बघितलं आणि ‘करा’ म्हणाली. त्या एका शब्दात तिनं हसू दाबलं होतं हे मला दिसलं, पण मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच हसण्याच्या जवळपास आली होती.

सकाळी सातलाच मंडईत गेलो. दोडके निवडताना मी इतका वेळ लावला की भाजीवाली म्हणाली, साहेब, पोरगी बघायलात का. पाव किलोनं काय होणार म्हणून किलोभर घेतले. घरी येऊन चाकू, ताट, पाट मांडून बसलो आणि आतल्या खोलीतून वनमालाच्या सूचना सुरू झाल्या. मला सांगायला हरकत नाही, मला मजा येत होती. आयुष्यभर मी शेतांच्या बांधावर उभा राहून माणसांना खुंटी इकडं, साखळी ताणून धरा, अर्धा फूट मागं असं सांगत आलो; आता मला कोणीतरी सांगत होतं. शिरा काढा, पण टाकू नका, त्यांची चटणी होतीया. साल पुरती सोलू नका. फोडी जाड ठेवा. आणि आधी प्रत्येक दोडक्याचा शेंडा कापून चाखून बघा, एक जरी कडू निघाला तर सगळी कढई गेली म्हणून समजा. मी प्रत्येक शेंडा चाखला. कच्चा दोडका पहिल्यांदाच खात होतो. काकडीच्या नात्यातला लागला. एकही कडू नव्हता. तसं मी ओरडून सांगितलं तर ती, नीट बघितलं न्हवं, म्हणाली. मग तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, फोडी. पाणी घालू नका, त्याचं त्याला सुटतंय, झाकण ठेवा, कूट शेवटी घाला. सगळं सांगितलं. मिठाचं मात्र ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मिठाची बरणी हातात घेऊन मी थोडा वेळ उभा राहिलो होतो हे खरं आहे. तिची खोली तिथून आठ पावलांवर. मीठ किती घालू, असं विचारायचं होतं. पण आमच्या घरात मिठाविषयी कोणी बोलत नाही. इतकी वर्षं कोणी बोलत नाही की आता त्याचं काही वाटतही नाही. म्हणून कढईकडं बघितलं आणि अंदाजानं घातलं.

तेहतीस वर्षांपूर्वी मी आष्टीला होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं, भाड्याच्या दोन खोल्या, शहाबादी फरशी. लग्नाला दोन वर्षं झालेली. तेव्हाही मेच होता. त्या दिवशी दोन सख्ख्या भावांच्या वाटणीची मोजणी होती, सकाळी सहाला गेलतो ते दुपारी तीनला परत आलो. धाकट्यानं माझ्या अंगावर दगड उचलला होता, थोरल्यानं माझी कागदं फाडायला घेतली होती, आणि दोघांनी मिळून मी लाच खाल्ली असं ठरवलं होतं. घरी आलो तर वनमालाचे वडील आलेले. लिंबागणेशाहून, दोन एसटी बदलून. अर्जुनराव नाव, वनमाला त्यांना दादा म्हणायची. बुटका, काळासावळा, फार न बोलणारा माणूस. लेकीसाठी पिशवी भरून दोडके घेऊन आले होते, विहिरीवरच्या वेलाचे. त्यांच्या विहिरीला त्या वर्षी पाणी कमी होतं, तरी तेवढा वेल त्यांनी जगवला होता, हे मला नंतर कळलं. वनमालानं बापासाठी म्हणून सगळीच पिशवी चिरली असावी. मी हातपाय धुऊन बसलो, समोर अर्जुनराव बसले, मध्ये ती वाढायला. पहिला घास घेतला. खारट होता. ती तेव्हा नेहमी विचारायची तसं विचारत होती, मीठ बरोबर हाय का? मी ताट ढकललं. ती म्हणाली, कढई भरलेली दिसलती... आणि मी म्हणालो, गप.

ताट फेकलं नाही, सरकवलं. इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलोय. फेकणारी माणसं वेगळी, ती मी पाहिलीत. मी तसला नाही. ताट फरशीवरून घासत गेलं, उंबऱ्याला लागलं, टण्ण असा आवाज झाला आणि भाजी बाहेर सांडली. दीड हात सरकलं असेल, असं मी मनाशी धरलं होतं. पुढं वर्षांबरोबर ते हातभर झालं, मग वीतभर. पण आष्टीहून बदली झाली त्या दिवशी, सामान ट्रकमध्ये चढल्यावर, खोल्या रिकाम्या असताना, मी खिशातला टेप काढून बसायच्या जागेपासून उंबऱ्यापर्यंत अंतर मोजलं होतं. चार फूट दोन इंच. वनमाला बाहेर ट्रकजवळ होती, तिनं पाहिलं नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मोजून घेतल्यावर मी ते विसरायच्या कामाला लागलो आणि बऱ्यापैकी विसरलोही.

अर्जुनरावांचा हात घासासकट वर थांबला होता, तेवढं मात्र विसरलो नाही. तो हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग तोंडाकडं गेला. त्यांनी ती भाजी सगळी खाल्ली. भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. आणि मग लेकीकडं बघून म्हणाले, “वाढ गं बाई आणखी. झ्याक झालीय.” तिनं वाढली, त्यांनी तीही खाल्ली. वरून तांब्याभर पाणी प्यायले. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही, पण ते रागानं नव्हे. एखाद्यानं चारचौघांत धोतर सोडावं आणि बाकीच्यांनी सभ्यपणे दुसरीकडं बघावं, तसं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ते गेले. त्यानंतर बारा वर्षं जगले, नातू खेळवला, माझ्याशी पीकपाण्याचं बोलले, पण आमच्या घरी पुन्हा कधी जेवले नाहीत. चहा घ्यायचे. सकाळीच लई खाल्लंय, पाव्हणं, म्हणायचे.

वनमाला रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं, मिटलं. पण त्या दिवसानंतर तिनं मला मीठ बरोबर आहे का असं कधी विचारलं नाही. आणि दुसरीही एक गोष्ट झाली, जी मला आत्ता, पाटावर बसून, खारट दोडका जिभेवर असताना पहिल्यांदा नीट समजली. तिच्या हातची प्रत्येक भाजी त्यानंतर अळणीकडं झुकली. माझ्या ताटात डाव्या कोपऱ्यात मिठाची छोटी वाटी यायची, त्यातली चिमूट मी भाजीवर भुरभुरायचो, आणि जेवायचो. ही तिची पद्धत आहे, असं मी धरून चाललो. ऑफिसात रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या मंडळींना मी सांगायचो की आमच्याकडं मीठ बेतानं असतं, त्यामुळं माझं बघा कसं एकशेवीस-ऐंशी. आरोही लग्न होऊन आली तेव्हा चौथ्या दिवशी म्हणाली, आई, तुम्ही मीठ विसरलात का? तेव्हा वनमालानं वाटीकडं बोट दाखवलं आणि मी सुनेला आरोग्यावर पाच मिनिटं ऐकवलं. तेहतीस वर्षं ही बाई कढईसमोर उभी राहून, हात आखडता घेऊन, आपल्या जिभेला बरं लागेल त्याच्या अलीकडंच थांबत आली. भाजी स्वतःच्या चवीची करणंही तिनं सोडून दिलं. आणि मी ते रक्तदाबाच्या नावानं मिरवलं. मला फार वाईट वाटलं. इतकं की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग निस्तरायच्या मागं लागलो. कूट घालायचा होताच, तो दुप्पट घातला. चव बघितली, तर आता दाणेही खारट झाले. वाटीभर पाणी घातलं, तर भाजीचं कालवण झालं आणि वर पाणी घालू नका ही सूचना मोडली. ते आटवलं, परत जिथल्या तिथं. साखरेच्या डब्याला हात घातला आणि काढून घेतला. तेवढ्यात मागच्या दारानं भिमाबाई आल्या, फडक्यात गरम भाकऱ्या घेऊन. रोज दोन आणायच्या, आज चार होत्या. “बाईनं सकाळीच निरोप धाडलाय,” त्या म्हणाल्या, “आज भूक हाय म्हनल्या. तुमी भाजी करायलात म्हनून सांगत हुत्या सगळ्या गल्लीला.” एवढं बोलून त्या कढईत डोकावल्या आणि पदर सावरत निघून गेल्या.

आता कढई, चार भाकऱ्या आणि मी. सुटायला वाट होती, आणि ती इतकी सरळ होती की मला तिच्याकडं बघावंच लागलं. दोडका कडू निघाला. शेंडे चाखले, पण एखादा मधनंच कडू असतो की. सगळी कढई गेली, टाकून दिली, उद्या परत आणतो. वनमालानंच सकाळी सांगितलेलं, तिला शंकाही आली नसती. उद्या मीठ निम्मं घातलं असतं, भाजी झ्याक झाली असती, आणि तिनं ती पोटभर खाल्ली असती. खोटंही फार मोठं नव्हतं. दोष दोडक्यावर, आणि दोडका काही तक्रार करणार नव्हता. मी फडक्यानं कढईचे कान धरले, मागच्या दारात खरकट्याच्या बादलीपर्यंत गेलो, कढई तिरपी केली. वाफ तोंडावर आली. लसणाचा, मोहरीचा वास चांगला होता, अगदी चांगला होता. आणि मला अर्जुनराव दिसले. दिसले म्हणजे त्यांचा हात, वर थांबलेला. त्या दिवशी वनमालाकडं असलं कुठलं खोटं नव्हतं. दोडके बापाच्या वेलाचे होते, कडू म्हणायची सोयच नव्हती. तिनं खरं होतं तेच सांगायला सुरुवात केली होती, आणि ते किती साधं होतं. कढई भरलेली दिसते, मग आटते, आणि मीठ तेवढंच राहतं. वीस-बावीस वर्षांची पोरगी, पहिल्यांदाच एवढा दोडका एकदम करत होती. बापाला पोटभर खाऊ घालावं म्हणून. मी कढई परत ओट्यावर आणली.

ताट वाढलं. भाजी, भाकरी, कांदा, आणि सवयीनं मिठाची वाटीही ठेवली. मग स्वतःशीच हसलो आणि ती काढली. वनमाला पलंगावरून उतरून खाली भिंतीला टेकून बसली होती. डाव्या हातानं जेवायला तिला अजून लाज वाटते, म्हणून ती भिंतीकडं थोडी वळून बसते. मी ताट समोर ठेवलं आणि उभा राहिलो. ती मला, बसा की, म्हणाली, पण मला बसवेना. तिनं डाव्या हातानं तुकडा मोडायला वेळ लावला. त्यात भाजी धरायला आणखी वेळ लावला. भर शेतात त्या धाकट्या भावानं दगड उचलला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. घास तोंडात गेला.

“मीठ बरोबर हाय का?” मी विचारलं.

तिचं चावणं थांबलं. भिंतीकडं वळलेली ती सावकाश माझ्याकडं वळली. घास गिळला.

“खारट हाय,” ती म्हणाली.

“कढई भरलेली दिसलती.”

बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागं घेतला जात होता, तो थांबला. मला वाटलं, ती विचारेल, काय म्हणालात. पण तिला सगळं जिथल्या तिथं आठवत होतं, माझ्यासारखं शोधावं लागत नव्हतं.

“त्या दिवशी इतकं न्हवतं,” ती म्हणाली.

“न्हवतं,” मी म्हणालो. “त्या दिवशी चूक माझी हुती. दादांच्या समोर तर... मी तसं करायला नको हुतं, वनमाला.” आणि मी खाली बसलो. तिनं कांद्याची एक पाकळी उचलली, ठेवली. मग भाकरीच्या तुकड्याकडं बघत म्हणाली की दुसऱ्या दिवशी ती दादांना स्टँडवर सोडायला गेलती, तेव्हा एसटीत चढताना ते म्हणाले होते, माणूस वाईट न्हाई, उन्हातनं आलता.

“मग तू काय म्हनलीस?”

“मी म्हनलं, दादा, ऊन तर रोजच असतंय.”

मला हसू आलं आणि डोळ्यांतही आलं, दोन्ही एकदम. तिच्या तोंडाचा कोपरा कालच्यासारखाच हलला, पण आज तिनं हसू दाबलं नाही. दही आहे का म्हणाली. होतं, मी आणलं, तिच्या भाजीवर चमचाभर घातलं. ती परत जेवायला लागली, या वेळी भिंतीकडं न वळता. दह्यात कालवून, कांद्याबरोबर, सावकाश. मीही माझ्या ताटात वाढून घेतलं आणि शेजारी बसून खाल्लं. खारट होतं. मधूनमधून पाणी पीत दोघं जेवत राहिलो. ती शिरांची चटणी कशी करायची ते सांगत होती, तीळ भाजून घ्यायचे, खोबरं नको, आणि मीठ, ती थांबली, मीठ घालताना मला दाखवा, म्हणाली. मी दाखवतो म्हणालो. तिच्या ताटात बघितलं तर पहिली भाकरी संपली होती. दुसरीतली अर्धी संपली होती. ताटातली भाजी तिनं तुकड्यानं पुसून घेतली होती.

“झ्याक न्हाई झाली,” वनमाला म्हणाली. “पण वाढा.”

आणि तिनं डाव्या हाताच्या बोटांनी ताट माझ्याकडं सरकवलं. फरशीवर थोडासा आवाज झाला. मी उठलो आणि कढईच घेऊन आलो.